गंजलेली जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह लांबच्या प्रवासासाठी पुन्हा उभी करताना

जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह बघायला गेलं की हात आपोआप बॉनेटकडे जातात. तो मोह आवरा. जमिनीवर एक जुनी चादर टाका, पाठीवर आडवे व्हा आणि गाडीखाली सरका. इंजिन बदलता येतं, गिअरबॉक्स बदलता येतो, दारं आणि मडगार्डं दुसऱ्या गाडीची बसतात. चेसिसचं तसं नाही. सगळी गाडी तिच्यावर उभी असते आणि कागदोपत्रीही ओळख तिच्यावर कोरलेल्या नंबराचीच. गाडी घेऊन अनेक देशांच्या सीमा ओलांडताना कार्ने द पासाज (गाडी तात्पुरती देशात नेण्याचं सीमाशुल्काचं कागदपत्र) लागतं, त्यातही हाच नंबर लिहिलेला असतो आणि नाक्यावर तो गाडीशी ताडून पाहिला जातो. नंबराचा भागच गंजून गेला असेल तर बाकी गाडी कितीही चांगली असो, सौदा तिथेच थांबवा.

या सगळ्या कामात मी एकच क्रम पाळतो: जे झाकलेलं आहे ते आधी, जे दिसतं ते शेवटी. चकचकीत रंग, छतावरचा कॅरिअर, दिव्यांची रांग यांनी सुरुवात केलेल्या गाड्या वर्षानुवर्षं अर्धवट उभ्या राहिलेल्या मी पाहिल्या आहेत.

घेण्याआधीची तपासणी

बरोबर छोटी हातोडी, जाड स्क्रूड्रायव्हर, टॉर्च आणि लोहचुंबक घ्या. या गाड्यांची चेसिस शिडीसारखी असते: दोन लांब बाजूपट्ट्या आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे. बऱ्याच गाड्यांत त्या पट्ट्या पेटीसारख्या, आतून पोकळ असतात. चिखल आणि पाणी भोकांतून आत शिरतं, तळाशी बसतं आणि पत्रा आतून बाहेर खात येतो. म्हणून बाहेरून धडधाकट दिसणारी चेसिसही पोकळ झालेली असू शकते. हातोडीने वीतभर अंतराने ठोकत जा. चांगला पत्रा ठण्ण वाजतो, कुजलेला भद्द. जिथे आवाज बदलेल तिथे स्क्रूड्रायव्हर रोवून बघा.

सर्वांत आधी मागचा आडवा तुकडा, पाट्यांचे (लीफ स्प्रिंगांचे) हँगर, मागच्या ॲक्सलवर चेसिस जिथे कमान घेते तो भाग, बॉडी जिथे रबरी माउंटिंगवर टेकते त्या जागा आणि डिझेलच्या टाकीमागची बाजू पाहा. स्टिअरिंग बॉक्स जिथे बोल्टने बसतो तिथे सर्वांत जास्त वेळ घालवा. एका गाडीची खालची बाजू ताज्या काळ्या डांबरी लेपाने झळकत होती आणि मालक तिची तारीफ करत होते. हँगरजवळ स्क्रूड्रायव्हर टेकवला तर तो मुठीपर्यंत आत गेला. लेपाखाली फायबरचं कापड आणि पुट्टी होती, लोखंड नव्हतंच. जुन्या गाडीखाली ताजा काळा लेप दिसला की तो खरवडून पाहायची परवानगी मागा. नाही म्हणाले तर उत्तर मिळालं.

बॉडीत पायाखालचा पत्रा, दाराखालच्या पट्ट्या, पुढच्या काचेच्या चौकटीचा तळ, छताची पन्हळ आणि बॅटरीचा ट्रे बघा. लोहचुंबक जिथे चिकटत नाही तिथे रंगाखाली पुट्टी जाड आहे. मात्र आधी गाडीची बॉडी कशाची आहे हे माहीत हवं. लँड रोव्हर 1948 साली आली तेव्हा युद्धानंतर पोलादाची टंचाई होती, म्हणून तिची बाहेरची अंगं बर्माब्राइट नावाच्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची केली गेली. ‘ही गाडी गंजत नाही’ हा समज तिथून आला. पण तिची चेसिस आणि इंजिनमागची भिंत पोलादाची आहे, आणि जिथे ॲल्युमिनियम पोलादाला टेकतं तिथे ओल मिळाली की दोन धातूंमध्ये बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि ॲल्युमिनियम पांढऱ्या भुकटीसारखं झडू लागतं. टोयोटाची 1960 ते 1984 या काळातली एफजे 40 सगळी पोलादी, तिचा मागच्या दाराखालचा भाग आधी बघायचा.

शेवटी टेप घ्या. चेसिसवर समोरासमोरचे चार बोल्ट निवडून कर्ण मोजा, पुढच्या भागाचे वेगळे, मागच्या भागाचे वेगळे. दोन कर्णांत ठळक फरक निघाला तर गाडीला कधीतरी मोठा धक्का बसलेला आहे. गंज कापून काढता येतो. पिळलेली चेसिस सरळ करणं हे जिगवरचं, म्हणजे तिला जखडून धरणाऱ्या भक्कम चौकटीवरचं काम आहे, घरच्या आवारातलं नाही.

इंजिन आधी ऐका

सगळं सोडवायला घेण्याआधी इंजिन चालू होतं का हे कळलंच पाहिजे, कारण त्यावर पुढचं सगळं नियोजन ठरतं. वर्षानुवर्षं उभ्या गाडीला थेट सेल्फ मारू नका. ग्लो प्लग किंवा स्पार्क प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं पातळ तेल सोडा आणि दोन-तीन दिवस थांबा. मग क्रँकच्या बोल्टला लांब पाना लावून हाताने फिरवा. अडलं तर पुढे-मागे हलवत राहा. पान्यावर लोंबकळू नका, त्याने रिंगा तुटतात.

फिरू लागलं की जुनं तेल आणि जुनं इंधन काढून टाका. तेल दुधाळ निघालं तर पाणी शिरलंय. फिल्टर बदला, प्लग बाहेर असतानाच सेल्फ मारून ऑइलचा दाब येऊ द्या आणि त्यानंतरच चालू करा. इंजिनला टायमिंग बेल्ट असेल तर तो किती जुना आहे हे विचारत बसू नका, चालू करण्याआधीच बदला. डिझेल असेल तर हवेचं तोंड झाकेल एवढी सपाट फळी हाताशी ठेवा. पंप अडकला किंवा इंजिन स्वतःचंच तेल ओढायला लागलं तर ते चावीने बंद होत नाही, हवा तोडावी लागते. तळहाताने झाकायचा प्रयत्न कधीच करू नका.

गरम झाल्यावर कॉम्प्रेशन मोजा. आकडा किती आला यापेक्षा सिलिंडर-सिलिंडरमधला फरक जास्त सांगून जातो. तो 10 टक्क्यांच्या आत असेल तर इंजिन उघडायची घाई नको.

सोडवणं

प्रत्येक जोड सोडवण्याआधी फोटो काढा, दोन बाजूंनी. नट-बोल्ट एकाच डब्यात टाकू नका. प्रत्येक भागाची वेगळी पिशवी करा आणि तिच्यावर चिठ्ठी लावा. चार महिन्यांनंतर ‘हे मला आठवेल’ यातलं काहीही आठवत नाही.

गंजलेला बोल्ट हा धीराचा भाग आहे. आदल्या रात्री आणि त्याआधीच्या रात्रीही पेनिट्रेटिंग तेल मारा. सोडवण्याआधी किंचित आवळा, म्हणजे गंजाची पकड मोडते. तरी हलला नाही तर नट तापवा, बोल्ट नव्हे. नट प्रसरण पावतो आणि सुटतो. पण जवळ रबर, तेल किंवा डिझेलची नळी असेल तर आगीचं नाव काढू नका, ग्राइंडरने नट उभा चिरा. डोकं तुटून बोल्ट आतच राहिला तर त्याच्या टोकावर एक नट ठेवून आतून वेल्ड करा. वेल्डिंगची उष्णता आणि नटाची पकड, दोन्ही एकदमच मिळतात.

गाडीखाली शिरताना ती घोड्यांवरच (जॅक स्टँडवरच) हवी. जॅक उचलण्यासाठी आहे, पेलून धरण्यासाठी नाही.

गंज काढणं

लोखंडाचा गंज मूळ धातूपेक्षा किमान दुप्पट जागा घेतो. दोन पत्र्यांच्या जोडात तो वाढला की पत्रे पाचरीसारखे फाकवतो, वेल्डचे टिपके तोडतो. म्हणून जोडाच्या कडेला फुगवटा दिसला की आत काय चाललंय ते बाहेरून घासून बरं होणार नाही, तो जोड उघडावाच लागतो.

चेसिससाठी वाळूचा मारा सर्वांत उत्तम, खळग्याच्या तळापर्यंत धातू स्वच्छ होतो. बॉडीच्या पातळ सपाट पत्र्यावर तोच मारा जवळून केला तर पत्रा लहरी घेतो आणि पुन्हा सपाट होत नाही. तिथे फ्लॅप डिस्क आणि तारेचा ब्रश बरे. एक सावधगिरी: फिरत्या तारेच्या ब्रशाने गंज कधी कधी निघत नाही, तो घासून काळा चकचकीत होतो आणि धातूसारखा दिसतो. त्यावर रंग दिला तर वर्षभरात पोपडे निघतात.

लहान भागांसाठी, म्हणजे ब्रॅकेट, बिजागऱ्या, हुक यांसाठी, विजेची पद्धत मला फार आवडते. प्लास्टिकच्या टबात पाणी घ्या, दर 4 लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा घाला. बॅटरी चार्जरचं ऋण टोक गंजलेल्या भागाला, धन टोक एखाद्या भंगार लोखंडी पट्टीला. पट्टी झिजते, भागावरचा गंज सुटतो आणि खालचा चांगला धातू जसाच्या तसा राहतो. पट्टीच्या जागी स्टेनलेस स्टील वापरू नका, पाण्यात क्रोमियमचं विषारी संयुग उतरतं. आणि हे उघड्यावर करा, कारण निघणारा वायू हायड्रोजन असतो.

फॉस्फरिक आम्लाचे रस्ट कन्व्हर्टर खळग्यांत उरलेल्या गंजासाठी आहेत. सुटे पापुद्रे आधी खरवडून काढलेले हवेत. पुढे एपॉक्सी प्रायमर द्यायचा असेल तर आम्लाचा अंश धुऊन, वाळवून मगच द्या, नाहीतर प्रायमर धरत नाही. स्टिअरिंग आणि सस्पेन्शनचे उच्च ताकदीचे बोल्ट आम्लात बुडवू नका. त्यांत हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होतात, आणि तो ठिसूळपणा वरून दिसत नाही. ते सरळ नवे घ्या.

ठिगळ

गंजलेल्या पत्र्यावर ठिगळ चढवणं म्हणजे कुजलेल्या कापडाला शिवण घालणं. टाका धरतच नाही. चांगला, पूर्ण जाडीचा धातू लागेपर्यंत कापत जा आणि त्याच जाडीच्या पोलादाचं ठिगळ लावा. चेसिसला साधारण 2 ते 3 मिलिमीटर जाडी असते, बॉडीच्या पत्र्याला 1 मिलिमीटरच्या आसपास. ठिगळाचे कोपरे गोल ठेवा, काटकोनातून तडे सुरू होतात. चेसिसच्या बाजूपट्टीवर सरळ उभी वेल्ड मारू नका. वेल्डच्या शेजारचा तापलेला पट्टा कमजोर होतो आणि पट्टी नेमकी त्याच रेषेवर मोडते. ठिगळ शंकरपाळ्याच्या आकाराचं कापलं की वेल्ड तिरकी पडते आणि ताण पसरतो. याच कारणाने नवं भोक पाडायचं झालं तर पट्टीच्या उभ्या बाजूच्या मधोमध पाडा. वरच्या आणि खालच्या कडांना सर्वांत जास्त ताण असतो.

पायाखालचा पत्रा किंवा दाराखालची पट्टी कापण्याआधी दारांच्या चौकटीत आडवे-तिरके लोखंडी दांडे टाका. नाहीतर बॉडी मिलिमीटर-मिलिमीटरने सरकते आणि शेवटी दार बसत नाही. पातळ पत्र्यावर सलग ओळ ओढू नका: एक टिपका इथे, पुढचा वीतभर लांब, मग पुन्हा मधे. हात टेकवता येईल इतकं थंड होऊ द्या.

चेसिसची वेल्डिंग तुमच्या हाताला नीट बसलेली नसेल तर कापणं, साफ करणं, मापं काढणं तुम्ही करा आणि वेल्ड अनुभवी वेल्डरकडून मारून घ्या. यात कमीपणा नाही. त्या वेल्डवर तुमच्याबरोबर बसलेल्या माणसांचा जीव असतो.

वेल्डिंगआधी बॅटरी सोडवा, अल्टरनेटरची वायर काढा. जस्त चढवलेल्या पत्र्यावरचं जस्त घासून काढा, त्याच्या धुराने ताप भरतो. डिझेल-पेट्रोलची टाकी रिकामी असली तरी तिच्यावर वेल्डिंग करू नका, ती काढून दूर ठेवा. आणि हे पाठ करून ठेवा: क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेल्या धातूवर वेल्डिंगची ठिणगी पडली की फॉस्जीन वायू तयार होतो. तो अगदी थोडाही प्राणघातक ठरू शकतो. वेल्डिंगआधी पुसायला ॲसिटोन वापरा आणि ते पूर्ण उडून जाऊ द्या.

लेप

उघडा धातू रात्रभरही तसाच ठेवू नका, सकाळी त्यावर तांबूस झाक आलेली असते. आधी एपॉक्सी प्रायमर, त्यावर जोडांना सीम सीलर, मग चेसिसचा रंग. पुट्टी उघड्या धातूवर भरू नका, ती ओल शोषते. एपॉक्सीवर भरा, आणि जितकी कमी तितकी चांगली.

चेसिस आतून वाचवली नाही तर बाहेरचं सगळं काम काही वर्षांचंच. रंग पूर्ण वाळला की लांब नळी आणि चहूकडे फवारणारं नोझल लावून पोकळ भागांत कॅव्हिटी वॅक्स मारा, पाणी निघायच्या भोकांतून ते ठिबकू लागेपर्यंत. नंतर ती भोकं तारेने मोकळी करा. बाहेरच्या बाजूला जाड डांबरी लेप मी देत नाही. तो वाळून चिरतो, चिरेतून पाणी आत जातं आणि लेपाखाली दडून राहतं. मेणाचा लेप कुरूप दिसतो, धूळ धरतो, पण खरचटलं तरी पुन्हा मारता येतो आणि खाली काय चाललंय ते दिसतं.

चेसिस पूर्ण रिकामी केलीच असेल तर तिला वितळलेल्या जस्तात बुडवून घेण्याचा विचार करा. ते जस्त साधारण 450 अंश सेल्सिअसला असतं, म्हणून प्रत्येक पोकळ भागाला दोन्ही टोकांना भोकं हवीतच. आत अडकलेल्या हवेचा किंवा पाण्याचा स्फोट होतो.

ब्रेक आणि ॲक्सल

ब्रेकच्या बाबतीत ‘चालतंय ना’ हा शब्द नको. लोखंडी ब्रेक पाइप क्लिपखाली गंजतात, नेमके जिथे दिसत नाहीत. सगळे बदला, जमल्यास तांबं-निकेलचे घाला, ते गंजत नाहीत. रबरी होज बाहेरून चांगले दिसले तरी आतून फुगून तेलाची वाट अडवतात. तेही नवे. मास्टर सिलिंडर आणि चाकांचे सिलिंडर उघडून बघा, भिंतीवर खळगे असतील तर फक्त सील बदलून भागत नाही. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं: डॉट 4 ऑइल नवं असताना किमान 230 अंशांना उकळतं, ओल धरल्यावर तीच मर्यादा 155 अंशांवर येते. लांब घाट उतरताना, भरलेल्या गाडीत, हा फरक पायाखाली जाणवतो. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ड्रममधली धूळ हवेच्या झोताने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

ॲक्सलचं तेल काढून बोटांवर चोळून पाहा. दुधाळ असेल तर पाणी गेलंय, चमकणारे कण असतील तर बेअरिंग किंवा दाते. पुढच्या चाकामागच्या, चाक ज्यावर वळतं त्या पोकळ गोळ्यातून पातळ काळं ओघळत असेल तर आतलं सील गेलं आहे आणि डिफरन्शियलचं तेल ग्रीसमध्ये मिसळतंय. ॲक्सलचे ब्रीदर, म्हणजे आतली हवा ये-जा करायची छोटी तोंडं, आवर्जून तपासा. तापलेला ॲक्सल थंड पाण्यात उतरला की आतली हवा आक्रसते आणि ब्रीदर बुजलेला असेल तर ॲक्सल सीलमधून पाणी ओढून घेतो. नळी लावून ब्रीदरचं तोंड इंजिनच्या उंचीपर्यंत वर न्या. अगदी साधं काम, पण एका ओढ्यात बेअरिंग वाचवतं.

गिअरबॉक्ससाठी नियमावलीत जीएल-4 दर्जाचं तेल लिहिलं असेल तर ‘वरचा दर्जा’ म्हणून जीएल-5 भरू नका. त्यातली गंधकयुक्त रसायनं पितळी सिंक्रोनायझर खाऊ शकतात.

पाट्यांचे यू-बोल्ट ताणले गेलेले असतात, ते परत वापरायचे नाहीत. बुश आवळताना गाडीचं वजन चाकांवर हवं. हवेत लटकत्या पाट्यांवर आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. गाडी उंच करायची हौस असेल तर दोन इंचांवर थांबा. त्यापुढे प्रॉपेलर शाफ्टचे कोन बिघडतात आणि स्टिअरिंग भरकटू लागतं.

बाकीची यंत्रणा

रेडिएटर, थर्मोस्टॅट, वॉटर पंप, सगळे होज आणि बेल्ट एकदमच बदला. काढलेल्यांपैकी चांगले बेल्ट-होज सामानात राहू द्या. टाकी काढून आतून धुवा, तिचा वरचा पत्रा चिखल साचून गंजतो. वायरिंगमध्ये बहुतेक भुतं अर्थिंगची असतात: चेसिस, इंजिन आणि बॉडी यांच्यामधल्या अर्थच्या पट्ट्या नव्या टाका, खालचा रंग खरवडून. नवी वायर टाकली की फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ. सीट आणि आतलं अस्तर तुमच्या आवडीने करा, फक्त जमिनीवर ओल धरणारा जाड गालिचा टाकू नका.

वजन, टायर, ओढण्याच्या जागा

प्रवासाचं सामान बसवण्याआधी उत्पादकाने ठरवलेलं कमाल वजन पाहा, मग रिकामी गाडी काट्यावर नेऊन वजन करा. उरतं ते तुमचं. 60 लिटर पाणी म्हणजे 60 किलो, 20 लिटर डिझेल म्हणजे साधारण 17 किलो, वर माणसं, हत्यारं, तंबू. आकडे लिहायला घेतले की लोखंडी बंपर आणि विंच आपोआप यादीतून गळतात. जड वस्तू खाली आणि दोन ॲक्सलच्या मधे. छतावर फक्त हलकं आणि फुगीर.

टायरवर डॉट अक्षरांच्या ओळीत शेवटचे चार आकडे बघा: 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. नक्षी कोरी असली तरी दहा वर्षं जुना टायर लांबच्या प्रवासाला नेऊ नका. मूळ मापाचेच टायर ठेवा आणि शक्य तर दोन स्टेपन्या घ्या. वाळूत हवा कमी करावी लागते, म्हणून कंप्रेसर आणि गेज हवेतच.

ओढण्याचे हुक चेसिसला योग्य ताकदीच्या बोल्टनी, मागून पट्टी देऊन बसवा. ट्रेलरच्या गोळ्याला दोर लावून अडकलेली गाडी कधीही ओढू नका. गोळा तुटून बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो आणि त्याने माणसं मेलेली आहेत.

चाचणी

प्रत्येक महत्त्वाचा बोल्ट टॉर्क रेंचने आवळून त्यावर आणि शेजारच्या धातूवर मिळून पांढऱ्या रंगाची एक रेघ मारा. रेघ तुटली की बोल्ट हलला.

पहिले 50 किलोमीटर घराभोवतीच फिरवा. थांबलात की चारही हब हाताच्या मागच्या बाजूने जवळून तपासा, टेकवायची घाई नको. एकच हब इतरांपेक्षा गरम असेल तर बेअरिंग जास्त आवळलंय किंवा ब्रेक धरतोय. कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-व्हील लावून चाचणी घेऊ नका. ज्या गाड्यांत पुढच्या-मागच्या ॲक्सलमध्ये डिफरन्शियल नसतं त्यांत वळणावर यंत्रणा पिळली जाते. त्यासाठी माती शोधा.

मग 500 किलोमीटर, पूर्ण सामान भरून, पाण्याचे कॅनसुद्धा भरलेले. परतल्यावर सगळ्या रेघा बघा, पाट्यांचे यू-बोल्ट पुन्हा आवळा, तेलाच्या पातळ्या लिहून ठेवा आणि इंजिनखाली रात्रभर पुठ्ठा पसरा. सकाळी त्यावर डाग कुठे पडलेत यावरून गळती कुठली ते कळतं. चेसिसवरच्या ठिगळांवरून नखाने रंग चाचपा: वेल्डच्या कडेला केसासारखी चीर दिसली तर तिथला रंग काढून पुन्हा वेल्ड, आणि पुन्हा 500 किलोमीटर. चीर नसेल तर भोकांतून मेण अजून ओलं लागतंय ना ते बघून घ्या, हत्यारांची पेटी भरा आणि निघायची तारीख ठरवा.